कमळाबाईंच्या घड्याळातला क्रिमिया

कमळाबाई पाईकराव हे नाव ऐकलं की डोळ्यांपुढं चष्म्याला दोरी बांधलेली एखादी म्हातारी येते. प्रत्यक्षात बाई माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पणजीचं नाव ठेवलं गेलं आणि ते बदलायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. भाईंदरच्या नवघरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर. खिडकीच्या गजांना तारेनं बांधलेली पाटी आहे, ‘येथे फॉल-पिको करून मिळेल.’ त्यातला ‘पिको’ उन्हानं उडालाय, पण गिऱ्हाईक चुकत नाही.

गिरगाव सोडून आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा एका साडीला फॉल लावायला म्हणून मी त्यांच्याकडं गेले आणि दीड तास बसून आले. तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

त्या खोलीत दुपारी एक वेगळाच उजेड असतो. दोरीवर साड्या टाकलेल्या असतात आणि ऊन त्यांच्यातून गाळून आत येतं. एखाद्या दिवशी खोली मोरपिशी असते, एखाद्या दिवशी हळदीची. मशीनची टकटक चालू असते आणि मध्येच थांबते. थांबली की समजायचं, बाई स्वप्नात गेल्या. सुई हातात तशीच, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मी बोलायची थांबत नाही, कारण त्या स्वप्नातूनही ‘हं’ म्हणत असतात.

त्या काळात त्यांच्या स्वप्नात एकच गाव असायचं, सिम्फेरोपोल. हा उच्चार त्यांना माझ्याआधी जमला. त्यांची एकुलती एक मुलगी, निशा, तेव्हा युक्रेनमध्ये असलेल्या क्रिमियातल्या त्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. इथला प्रवेश थोडक्यात हुकला होता. तिकडं इंग्रजीतून शिकवतात, खर्चही झेपण्यासारखा, म्हणून निशाच्या बाबांनी, जीवनरावांनी, फोर्टातल्या सरकारी कचेरीत चौकशा करकरून तिला पाठवलं. दोन्ही घराण्यांत मिळून ती पहिली डॉक्टर होणार होती. जाताना तिला पोचवायला एवढी माणसं आली की विमानतळावरच्या शिपायानं विचारलं, कुठला पुढारी चाललाय?

निशानं एकदा तिथल्या मिठाच्या तळ्याचा फोटो पाठवला होता. पाणी चक्क गुलाबी, काठावर मिठाची पांढरी साय. कमळाबाई बराच वेळ तो बघत बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, हे तर आपलंच मिठागर. कुणीतरी गुलाल उधळलाय, बाकी सगळं तेच.” तेव्हापासून त्यांच्या मनात क्रिमिया मिठागरांच्या पलीकडं जाऊन बसला. गच्चीवर पापड वाळत घालताना त्या मिठागरांकडं अशा बघायच्या, की बांधाबांधानं चालत गेलं तर संध्याकाळपर्यंत निशाच्या दाराशी पोचता येईल.

आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एक भाईंदरचं, एक निशाचं. आपल्याकडं दुपारचे चार म्हणजे निशाच्या घड्याळात जेवणाची सुट्टी. चारला स्काइप लागायचं आणि पडद्यावर निशा ब्रेडचा तुकडा चावत दिसायची. कमळाबाई दर वेळी एकच म्हणायच्या, “अगं, भाजी घे ना त्याच्याबरोबर.”

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत निशा म्हणाली, “आई, इथं रस्त्यावर सैनिक उभे आहेत. कपड्यांवर कुठल्या देशाचं चिन्हच नाही. कुणाचे ते कुणी सांगत नाही.”

“नाव विचार ना त्यांना.”

“विचारलं एका मुलानं. हसला नुसता.”

मार्चमध्ये तिथं, रशियात जायचं का, यावर मतदान झालं. दोन दिवसांनी टीव्हीवर सांगितलं, क्रिमिया आता रशियात सामील. निशा होती तिथंच होती. तीच खोली, तोच पलंग, खिडकीबाहेर तेच अक्रोडाचं झाड. युक्रेनला गेलेली मुलगी कूसही न बदलता दुसऱ्या देशात झोपली होती.

चौदा एप्रिलच्या जयंतीचे दिवस जवळ आले होते. नवघरच्या बायका त्या दिवशी पांढरी साडी नेसतात, निळ्या काठाची. त्या साड्यांचा ढीग कमळाबाईंच्या पलंगावर पडला होता आणि खोली आतून ढगासारखी झाली होती. त्या ढगात बसून त्यांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही राज्यशास्त्र शिकलात ना? मग सांगा मला. सामील करून घेतात म्हणजे नेमकं काय करतात?”

बी.ए. होऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण एवढ्या गरजेनं तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “हे बघा, दुसऱ्याच्या मुलखात सैन्य नेऊन बसवलं तर त्याला ताबा म्हणतात. ताबा घेणाराही मनातून जाणतो की घर दुसऱ्याचं आहे, मी घुसलोय. सामील करून घेणं ही त्याच्या पुढची पायरी. तो म्हणतो, हे घर माझंच. आता इथं कायदा माझा, नोट माझी, पासपोर्ट माझा, पोरांच्या पुस्तकातला नकाशाही माझा.”

“आणि ज्याचं होतं तो?”

“तो म्हणतो, ही चोरी. आजच्या काळात असं जोरावर जोडून घेणं नियमात बसतच नाही. म्हणून मग बाकीचे देश ठरवतात, मानायचं की नाही. बऱ्याच देशांनी सांगितलं, मानत नाही.”

“आपण काय सांगितलं?”

“आपण तटस्थ.”

“म्हणजे गॅलरीत उभं राहून बघायचं.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. हातातल्या साडीचा काठ उलटा करून त्यांनी माझ्यापुढं धरला. फॉल जागेवर राहावा म्हणून त्यांनी आधी लांब लांब टाक्यांचा धावदोरा घातला होता. ओढला की निघतो तो.

“म्हणजे एकजण म्हणतोय, पक्की टीप मारलीय. बाकीचे म्हणतायत, हा नुसता धावदोरा आहे, कधीतरी उसवणार.”

“बरोबर.”

“आणि माझं लेकरू त्या शिवणीवर बसलंय.”

मशीन पुन्हा सुरू झालं.

महिना संपता संपता एका सकाळी कमळाबाई जिना चढून माझ्या दारात आल्या. एरवी त्या वर येत नाहीत, गुडघे दुखतात. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं निशा परत आली.

“ताई, निशा दोन तास जवळ आली!”

झालं होतं असं, की तिथल्या नव्या सरकारनं घड्याळं मॉस्कोच्या वेळेवर नेली होती. रात्री दहाला काटे उचलून बारावर ठेवले, स्टेशनवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, निशानं कळवलं होतं. आता तिची जेवणाची सुट्टी आपल्याकडच्या दुपारी दोनलाच यायची. कमळाबाईंनी स्टुलावर चढून निशाचं घड्याळ स्वतः पुढं केलं होतं. मला ते दाखवायला त्या खाली घेऊन गेल्या. दोन घड्याळांचे काटे खरंच आता एकमेकांच्या शेजारी आल्यासारखे दिसत होते, एकाच बाकावर बसलेल्या मायलेकींसारखे.

“पण ते मधले दोन तास गेले कुठं?” त्या घड्याळाकडं बघत म्हणाल्या. “त्या गावात त्या दोन तासांत कुणी जन्मलंच नसेल. कुणी काही बोललंच नसेल. नाही का?”

घरी आल्यावर मी आमच्या यतीनरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, “या हिशेबानं अजून एक मुलूख सामील झाला की निशा थेट आपल्या दहिसर चेकनाक्याला उतरेल.” यांना कशातही चेकनाका दिसतो.

आठवडाभर कमळाबाई त्या दोन तासांच्या आनंदात होत्या. मग एका दुपारी मी गेले तर मशीन बंद आणि त्या स्वप्नातही नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या.

निशा ज्यांच्या घरात राहायची त्या वेरा आजी. सत्तरीच्या, एकट्या. त्यांचा जन्म त्याच घरातला. त्या लहान होत्या तेव्हा क्रिमिया रशियाच्या खात्यात होता, मग युक्रेनला जोडला, पण तेव्हा दोन्ही एकाच मोठ्या देशात होते म्हणून फरक पडला नाही. पुढं तो मोठा देशच मोडला आणि युक्रेन वेगळा झाला. आता पुन्हा रशिया. उंबरा न ओलांडता बाईंनी एवढे देश पाहिले. मतदानाच्या दिवशी त्या ठेवणीतला कोट घालून, पिन लावून गेल्या आणि आल्यावर गोड पाव भाजला. निशालाही दिला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा ओदेसाहून फोन आला. ओदेसा युक्रेनमध्येच राहिलेलं. मुलीनं विचारलं, तू कशाला मत दिलंस? आजींनी सांगितलं. मुलीनं फोन ठेवला. तो ठेवलाच.

“आणि ताई,” कमळाबाई म्हणाल्या, “त्या आजीनं बाहेरच्या खोलीतलं घड्याळ नव्या वेळेला लावलंय. स्वयंपाकघरातलं लावलेलं नाही. ते मुलीच्या वेळेवरच ठेवलंय. निशा म्हणते, दूध कुठल्या वेळेला तापवायचं तेच कळत नाही.”

“अहो, पण त्यात तुम्ही का तोंड पाडून बसलात?”

“काटे तेच फिरले ना ताई. माझी लेक जवळ आली, तिची लांब गेली.”

“तुम्ही थोडेच फिरवलेत?”

“नाही फिरवले. पण आनंद झाला ना मला.”

मी उठून चहा टाकला. त्यांच्या घरात चहा मीच टाकते अशा वेळी.

चहा पिताना त्या आपल्या आज्जीबद्दल बोलल्या, आईच्या आईबद्दल. हिंगोलीकडचं गाव. आज्जीच्या लहानपणी ते निजामाच्या राज्यात होतं, तिथला रुपयाही वेगळा, हाली म्हणायचे त्याला. एक दिवस गावात साखर वाटली. निजाम गेला, आता आपण हिंदुस्थानात.

“आज्जी तेव्हा पोरसवदा होती. तिनं काय केलं माहितीय? घागर उचलली आणि पाटलाच्या विहिरीकडं निघाली. म्हणाली, नवीन राज्य आहे, बघू या तर खरं. विहिरीवरच्या बायकांनी लांबूनच सांगितलं, मागं फीर.”

“मग?”

“मग काय, ओढ्यात झरा उकरून बसली रोजच्यासारखी. रुपया बदलला, पाटील तोच, विहीर तीच.”

“आमच्या पुस्तकात त्याला मुक्ती म्हणतात,” मी जरा चाचरतच म्हटलं.

“मुक्ती होतीच की. आज्जीसुद्धा मुक्तीच म्हणायची, ते राज्य गेलं ते बरंच झालं. पुढं कायदे आले, मग विहीर आली, मग शाळा, मग मी. सगळं आलं. पण त्या दिवशी नाही आलं. म्हणून ती कुणाचंही राज्य आलं की आधी पाण्याचं विचारायची.”

त्यामुळं एप्रिलच्या अखेरीस टीव्हीवर बातमी आली तेव्हा काय होणार हे मला कळायला हवं होतं. क्रिमियाला पाणी नेणारा मोठा कालवा युक्रेननं बंद केला. कमळाबाईंनी बातमी पूर्ण ऐकलीच नाही. भाईंदरमध्ये वीस वर्षं काढलेली बाई. इथं पाणी जाणार म्हटलं की आधी निळी पिंपं, मग हंडे, मग कुकर, मग चहाची भांडीसुद्धा भरून ठेवतात, कारण कधी येणार हे कुणी सांगत नाही. त्यांनी तिकडं फोन लावला.

“निशा, घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेव. आत्ता. माझ्याशी बोलत बोलत भर.”

“आई, इथं नळाला चोवीस तास पाणी आहे. तो कालवा उत्तरेकडच्या शेतीचा आहे.”

“आज शेतीचा, उद्या तुमचा. तिथं पिंप नाही?”

“पिंप कुठलं! टब आहे आंघोळीचा.”

“तो भर.”

निशानं टब भरला, पातेली भरली, लोणच्याच्या बरण्या धुऊन भरल्या. वेरा आजी बाहेरून आल्या आणि पाण्यानं भरलेलं घर बघून ओरडल्या. निशानं तिच्या मोडक्या रशियनमध्ये सांगितलं, भारतातल्या माझ्या आईनं सांगितलंय. आजी आधी हसल्या. मग कुठूनशी एक फळी आणून त्यांनी टबावर झाकण घातलं आणि विचारलं, तुझी आई कुठल्या लढाईत होती?

नळ काही गेला नाही. कमळाबाईंचं चुकलंच होतं. पण त्यांना ते सांगितलं की म्हणायच्या, “भरलेलं पाणी काय खातंय का कुणाला?”

पाण्याचं असं झालं, पण खरं संकट वेगळं होतं. मे महिन्यात कॉलेजनं मुलांना सांगितलं, हे कॉलेज आता नव्या देशाच्या विद्यापीठात जाणार. ज्यांना इथं राहायचं त्यांच्या पदवीवर नवा शिक्का येईल. ज्यांना नको, त्यांनी आपापलं दुसरीकडं बघावं, पण महिन्याच्या आत ठरवावं. जग ज्या मुलखाला रशियाचा मानत नव्हतं, तिथला रशियाचा शिक्का भारतात चालेल का? जीवनरावांनी चार ठिकाणी विचारलं. एक म्हणे चालेल. दुसरा म्हणे, आधी पास तर होऊ द्या, मग बघू. तिसरा म्हणे, नका रिस्क घेऊ. निशाचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. परत यायचं म्हणजे डॉक्टरकी सोडायची. राहायचं म्हणजे आणखी चार वर्षांनी कदाचित कुणीच न मानणारा कागद घेऊन यायचं.

कमळाबाईंचं मत पक्कं होतं. मला त्यांनी स्पष्टच सांगितलं, “ताई, मला ती इथं पाहिजे. डॉक्टर नको, काही नको. माझ्या समोर बसून भाजीपोळी खाऊ दे.”

जीवनरावांचंही तेच होतं. आणि काशीगावला राहणारे त्यांचे धाकटे भाऊ, समाधान, यांचं तर सगळ्यांच्या आधी ठरलं होतं. समाधानभाऊजी बोलायला लागले की पंखा हळू फिरतो, असं कमळाबाई म्हणतात. ते म्हणाले, “वहिनी, रविवारी मी आणि राजश्री येतो. तिला एकटीला सांगितलं तर रडेल, हट्ट करेल. सगळे समोर बसू. प्रेमानं विचारू. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणेल?”

रविवारी मलाही बोलावणं होतं, कारण ते स्काइप कमळाबाईंच्या हातात कधी नीट लागलं नाही. मी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या साड्या काढून ठेवल्या होत्या. खोली एकदम उघडी वाटत होती. शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप आणि त्याच्यापुढं अर्धगोलात खुर्च्या. मध्ये जीवनराव, इस्त्रीच्या शर्टात. एका बाजूला समाधानभाऊजी, दुसऱ्या बाजूला राजश्रीवहिनी. राजश्रीवहिनींनी शिरा केला होता. तो ताटल्यांत घालून कमळाबाई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“भाऊजी, या खुर्च्या कुणी अशा लावल्या?”

“मी. सगळे दिसले पाहिजेत ना कॅमेऱ्यात.”

“माझ्या वेळी अश्शाच लावल्या होत्या.”

कुणाला काही कळलं नाही. ट्रे हातात धरूनच त्या बोलल्या, अगदी हळू, झोपेतून बोलावं तसं. “हिंगोलीला, मामाच्या घरी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला मास्तरीण व्हायचं होतं. पाहुणे आले, शिरा वाढून झाला आणि मामानं विचारलं, कमळे, पसंत आहे ना? सगळे माझ्याकडं बघत होते.”

“मी होतो की तिथं,” जीवनराव कसनुसं हसत म्हणाले.

“होतात ना. चमचा तोंडात होता तुमच्या.”

राजश्रीवहिनी फिस्सकन हसल्या आणि पदर तोंडाला लावला. जीवनरावांचं हसू मात्र गेलं. “पण तू हो म्हणालीस, कमल.”

“म्हणाले. दुसरं काही ठेवायला त्या खोलीत जागा कुठं होती? तुम्ही चांगले निघालात, ते नंतरचं. मला विचारलं नव्हतं, ते आधीचं.” त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. “त्या वेरा आजीनं मत दिलं, तेव्हा बाहेर बंदुकवाले उभे होते. तिला मनापासूनच द्यायचं असेल. असेलही. पण आता ते तिला तरी कसं कळणार? आणि तिच्या मुलीला तरी कसं पटवणार?”

“वहिनी, कुठल्या कुठं नेताय तुम्ही,” समाधानभाऊजी म्हणाले. “आपण तिचे आहोत. तिच्या भल्याचंच सांगतोय.”

“ते बंदुकवालेही तेच म्हणाले असतील, भाऊजी. बाहेर जा सगळे.”

“वहिनी!”

“शिरा घेऊन जा. जिन्यात बसा. निशाचे बाबा, तुम्हीसुद्धा.”

जीवनराव उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “पण तू तिला ये म्हणून सांगशील ना?”

कमळाबाईंनी दार लावलं. मी माझी पिशवी उचलली, तर म्हणाल्या, “तुम्ही थांबा ताई, हे यंत्र बंद पडलं तर? पण तोंड भिंतीकडं करून बसा.”

मी भिंतीकडं तोंड करून बसले. समोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, तेच वाचत राहिले. मागं ते स्काइपचं पाण्यात बुडबुडे आल्यासारखं वाजणं, मग निशाचा आवाज. “आई? बाकीचे कुठं आहेत? काका येणार होते ना?”

“नाही कुणी. मीच आहे.”

“तू सांगून टाक. मला माहितीय तुम्ही काय ठरवलंय.”

“आम्ही काही ठरवलेलं नाही. तुला काय करायचंय?”

मला वाटलं लाइन गेली. वळणार होते, तेवढ्यात निशा बोलली. “तुला काय वाटतं, ते आधी सांग.”

“नाही सांगणार.”

“आई...”

“मी सांगितलं की तू माझं तोंड बघून बोलशील. मी कॅमेऱ्यावर हात ठेवू का?”

आणि खरंच त्यांनी ठेवला असावा, कारण निशा म्हणाली, “अगं, काळोख झाला इकडं.” मग ती हसली. मग रडली. आणि मग त्या काळोखात ती बोलायला लागली. तिथल्या वॉर्डात एक म्हातारा आहे, तो तिला रोज नाडी बघू देतो. देश बदलला त्या दिवशीही त्यानं हात पुढं केला होता. शिक्क्याचं काय होईल ते तिला माहीत नाही. भीती वाटते. कधीकधी सकाळी उठल्यावर आपण कुठं आहोत ते दोन क्षण कळतच नाही. पण सोडून आले तर आयुष्यभर वाटत राहील, की मला तिथून कुणीतरी उचलून आणलं.

“चुकलं तर?” कमळाबाईंनी विचारलं.

“चुकलं तर माझं चुकेल.”

“म्हणजे?”

“मी राहते, आई.”

माझे डोळे कॅलेंडरवर होते आणि एकही आकडा दिसत नव्हता. ही बाई मागं काय करतेय, रडतेय की काय, कळायला मार्ग नव्हता. मशीनचं चाक कुणीतरी उगाच हातानं फिरवावं तसा आवाज आला.

“बरं,” कमळाबाई म्हणाल्या. मग विचारलं, “जेवलीस?”

“ब्रेड खातेय.”

“भाजी घे.”

पुढं सगळं नीट झालं म्हणून मी हे सांगत नाहीये. निशा आज मिरा रोडच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे हे खरं, पण त्यासाठी इकडची परीक्षा तिला पुन्हा पुन्हा द्यावी लागली आणि मधली दोन वर्षं फार वाईट गेली. त्या दिवशी यातलं काहीच कुणाला दिसत नव्हतं. कमळाबाईंनाही नाही. त्यांना हवं होतं त्याच्या नेमकं उलट उत्तर मिळालं होतं, आणि ते घेऊन त्यांना दार उघडायचं होतं.

त्यांनी तोंडावरून पदर फिरवला आणि कडी काढली. जिन्यात तिघं ताटल्या मांडीवर घेऊन बसले होते. शिरा तसाच होता.

“काय म्हणाली?” जीवनराव उठतच म्हणाले.

“ती राहतेय.”

“आणि तू काय सांगितलंस तिला?”

“सांगितलं नाही,” कमळाबाई म्हणाल्या. “विचारलं.”

समाधानभाऊजी काहीतरी बोलायला गेले. राजश्रीवहिनींनी त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली. जीवनरावांनी आत येऊन एक एक खुर्ची उचलून भिंतीला लावली, आणि कमळाबाईंना बसायला म्हणून एक तेवढी मध्ये ठेवली.